आत बस

मी बोलतेय. पण एक गोष्ट आधीच सांगते, मला खेळणं म्हणणार असाल तर इथूनच मागे फिरा. मी शर्यतीची गाडी आहे. रिमोटवर चालते, परातीत मावेन एवढीच आहे, पण शॉक अ‍ॅब्सॉर्बर, वळणावर चाकं सांभाळणारा डिफरन्शियल, चाकं फिरवणारे ताणलेले पट्टे, सगळं मला आहे. नाही ती फक्त आत बसायची जागा. आणि त्या नसलेल्या जागेवरूनच आमच्या घरात एवढं महाभारत घडलं.

माझा जन्म झाला तो एका खोक्यात, सुट्या भागांच्या पिशव्यांमध्ये. मला अंग दिलं बाबांनी. बाबा म्हणजे माझे मालक, पण त्यांची मुलगी त्यांना बाबा म्हणते, तेव्हा मीही म्हणते. उभा जन्म त्यांनी शहराची बस चालवली. निवृत्त झाल्यावर लोक बागेत फिरायला जातात, हे खिडकीपाशी टेबल मांडून मला जोडत बसले. शॉकमध्ये तेल भरलं की त्यातला हवेचा बुडबुडा बाहेर येईपर्यंत दांडा हळूहळू वर-खाली करायचे. बाळाला दूध पाजून ढेकर काढतात ना, अगदी तसं. बुडबुडा राहिला की चाक थरथरतं. बाबांनी माझ्या पोटात एकही राहू दिला नाही.

आई मला सवत म्हणायची. "सवतीला आंघोळ घालून झाली असेल तर जेवायला या," असा रोजचा पुकारा. मला राग यायचा नाही. खरं तर आतून बरंच वाटायचं.

बाबांचा एक नियम होता, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. स्प्रिंग बदलली तर तेलाला हात लावायचा नाही, चाकाचा कल बदलला तर स्प्रिंग तशीच. मग मला मैदानावर सोडायची आणि बघायचं, वळणावर मी नाक आत घालते की शेपूट फेकते. आणि दुसरा नियम, डावं-उजवं नेहमी गाडीचं. बघणाऱ्याचं नाही. "बसच्या पुढे उभा राहून कुणी मला सांगू लागला की डावीकडे घ्या, तर मी कुणाचं डावं धरायचं?" ते म्हणायचे. "आपण आत बसायचं. मग गोंधळच नाही." माझ्या टपाच्या काचेवर त्यांनी छोटासा ड्रायव्हर रंगवला होता, टोपीवाला. तो म्हणजे तेच.

रविवारी आम्ही जुन्या मालगोदामासमोरच्या डांबरी मैदानावर जायचो. तिथल्या रिमोट-गाडीवाल्यांच्या मंडळाचे प्रमुख चष्म्याचे दुकानदार होते. सगळे त्यांना चष्मेवालेच म्हणत. कर्णा त्यांच्याच हातात, आणि बोलायची हौस दांडगी. "आले आले, बसवाले आले! थांबा आला की गाडी थांबवू नका हो!" असा दर वेळी एखादा टोला. बाबा हसायचे आणि मग शर्यतीत त्यांना मागे टाकायचे.

अशाच एका रविवारी मी लांब पट्ट्यावर भरधाव सुटले होते, आणि बाबांचा उजवा हात गेला. अर्धांगाचा झटका. डाव्या हाताचं बोट रिमोटच्या दट्ट्यावर तसंच आवळलेलं, आणि ज्या हातानं मला वळवायचं तो निर्जीव. मी पूर्ण वेगात जाऊन कडेच्या फळीवर आदळले. माझ्याकडे कुणी बघितलं नाही, आणि बघूही नये. सगळे बाबांकडे धावले.

चष्मेवाल्यांनी मला टॉवेलात गुंडाळून घरी पोचवलं. आईनं मला कपाटावर ठेवलं. तिथे धुळीत पडून मी रोज खालचं ऐकायचे. बाबा इस्पितळातून आले तेव्हा त्यांची पावलं मी ओळखली नाहीत, एक पाऊल टेकायचं, दुसरं घासत यायचं. आणि बोलणं? चार शब्द म्हणायला गेले की दोनच बाहेर पडायचे. बोलणं शिकवायला एक बाई येत. त्या चित्रं दाखवत, "हे काय?" विचारत. बाबांना सगळं कळायचं, पण शब्द ओठांवर येऊन अडायचा. मग ते चित्रच भिरकावून द्यायचे.

एक दिवस त्यांनी वर बोट दाखवलं. "ती. काढ."

मुलीनं चादर काढली. नाही म्हणाले. उशी काढली. नाही.

"अगं, सवत मागतायत ती," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. तेव्हा कुठे मी खाली आले.

आता या मुलीबद्दल सांगते. हिला घरात कुरळी म्हणतात, केसांमुळे. हिचं पुढच्या गल्लीत सलून आहे. कात्री-कंगव्यात बोटं अशी तयार झालेली की माझे मुंगीएवढे स्क्रू तिला जड गेले नाहीत. सलूनच्या सुट्टीच्या दिवशी ती टेबलाशी बसायची, बाबा तिच्या पाठीमागे खिडकीतल्या आरामखुर्चीत. ते तुटक सांगायचे, ती करायची. माझं चाक धरणारा मोडलेला हात बदलला, वाकलेला दांडा बदलला, पट्टा नवा घातला. मंडळाची मोठी शर्यत जवळ आली होती. बाबांचा हात तर चालणार नव्हता, म्हणून कुरळीनंच मला पळवायचं, असं ठरलं.

पण माझ्या अंगात पीळ राहिला होता. फळीवर आदळले तेव्हा बुडाची पाटी जराशी पिळवटली गेली. डोळ्यांना दिसायची नाही, पण जोर दिला की मी उजवीकडे ओढायचे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण गाडीचा जातो. मागच्या दोन शॉकवर गोल नट असतात, त्यांनी स्प्रिंग कमी-जास्त दाबता येते. कुठला आवळायचा हे कळलं की झालं.

कुरळीनं मला अंगणात पळवलं. बाबा खिडकीतून बघत होते.

"अंगणच उतरतं आहे बहुतेक," ती म्हणाली.

"नाचता येईना अंगण वाकडं," आईचा आवाज आला.

बाबांनी मला एकदा बघितलं आणि म्हणाले, "मागचा. उजवा. आवळ."

बरोबर! शंभर टक्के बरोबर! मला ओरडावंसं वाटलं. कुरळीनं मला टेबलावर ठेवलं, नाक स्वतःकडे करून, आणि नट आवळला. डावा.

आता तुम्ही म्हणाल, एवढी मोठी बाई, डावं-उजवं कळत नाही? कळतं हो. पण ती दिवसभर माणसांचे चेहरे बघते ते आरशात. गिऱ्हाईक खुर्चीत, ही मागे, आणि नजर आरशावर. आरशात गिऱ्हाइकाचा डावा कान डावीकडेच दिसतो. वर्षानुवर्षं असंच बघून तिच्या हाताला सवय लागली, समोर तोंड आलं की त्याची उजवी बाजू आपल्या उजव्या हाताला. मी नाक तिच्याकडे करून बसलेली, तिला वाटलं हेही आरशातलंच तोंड. चूक अशी की ती दुसऱ्या कुणाच्या हातून झालीच नसती.

आणि बाबांना दिसायची तिची नुसती पाठ.

तिनं मला पुन्हा अंगणात सोडलं. मी आधीपेक्षा जास्त ओढले.

"अजून," बाबा म्हणाले. तिनं अजून आवळला, तोच. मी जवळजवळ गोल फिरले.

चालवतानाही तोच घोळ. मी तिच्यापासून लांब जाताना ती झकास चालवायची. वळून तिच्याकडे येऊ लागले की डावं हवं तिथे उजवं वळवायची आणि मी कुंडीवर. नवशिक्या सगळ्यांचंच असं होतं, म्हणून कुणाला संशय आला नाही. बाबा खिडकीतून कळवळून म्हणायचे, "आत बस! आत बस!"

"ऊन नाही लागत मला बाबा," ती म्हणायची. "एवढं झालं की येते आत."

बाबा कपाळावर हात मारून घ्यायचे. एकदा तर तिनं त्यांच्या समाधानासाठी टोपी घातली.

चष्मेवाले बघायला आले तेव्हा म्हणाले, "ताई, एवढं कशाला? रिमोटवर ट्रिमचं बटण आहे. दोन टिचक्या डावीकडे मारा, जाईल सरळ."

"ट्रिम. खोटं," बाबा म्हणाले. मला त्यांचा अभिमान वाटला. ट्रिमनं माझं तोंड सरळ झालं असतं, पीळ अंगात तसाच राहिला असता.

मग तो दिवस आला, ज्याची मला आजही चीड येते. बाबांनी आधी आपल्या उजव्या हाताकडे बघितलं, मग डाव्याकडे. मग अगदी हळू म्हणाले, "डावा. आवळून बघ."

कुरळीनं आवळला. म्हणजे माझा उजवा. आणि मी सरळ धावले. सुईत ओवलेल्या दोऱ्यासारखी सरळ.

"बाबा! जमलं!" कुरळी नाचायलाच लागली. आई हात पुसत बाहेर आली. आणि बाबांचा चेहरा असा पडला की माझ्यानं बघवेना.

डॉक्टरांनी त्यांना सांगून ठेवलं होतं, झटक्यानंतर कधीकधी डाव्या-उजव्याची जाण उलटीपालटी होते. बाबांना इतके दिवस एकच भीती होती, हात गेला तो गेला, डोकं तर गेलं नसेल? मला दुरुस्त करणं हीच त्यांनी स्वतःची परीक्षा ठरवली होती. उजवं सांगितलं तर बिघडत गेलं, डावं सांगितलं तर सुधारलं. निकाल लागला म्हणायचा. आता त्यांची खात्रीच पटली.

"उलटं," ते डोक्याला बोट लावून म्हणाले. "सगळं. उलटं."

दुसऱ्या दिवशी बोलणं शिकवणाऱ्या बाई आल्या तर त्यांनी तोंड फिरवलं. त्यानंतरच्याही वेळी तेच. आरामखुर्ची खिडकीकडून भिंतीकडे वळवून घेतली. आणि कुरळीला म्हणाले, "शर्यत झाली. की. हिला दे. चष्म्याला."

चष्मेवाल्यांना तसा निरोपही गेला. मला देऊन टाकायचं म्हणे! आईनं पदर डोळ्याला लावला. "सवत म्हटलं म्हणून काय झालं," ती पुटपुटली, "घरातून कुठे काढतायत तिला."

मी ठरवलं. असली सरळ चाल मला नको. बाबा बरोबर होते, आणि हे अख्ख्या घरात फक्त मला माहीत होतं. मला तोंड नाही, पण चाल तर आहे! मी पुन्हा उजवीकडे ओढणार, ओढत राहणार, कुणीतरी नीट बघेपर्यंत. अंगणातल्या फरश्यांच्या फटींवरून मी इतकी आपटत धावले की मागचा उजवा नट हळूहळू फिरून सैल झाला. आदळआपट झाली की नट सैल होतातच, असं चष्मेवाले म्हणतात. म्हणोत बापडे. तो मी सैल केला.

शर्यतीच्या दिवशी सकाळी आईनं हट्ट धरला. "मैदानावर निदान माणसासारखे दिसा. पोरीकडून दाढी-केस करून घ्या आधी." बाबांना तिथे जायचंच होतं ते मला चष्मेवाल्यांच्या हवाली करायला, म्हणून ते कसेबसे तयार झाले. सलून अजून उघडायचं होतं. कुरळीनं त्यांना खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती कापड बांधलं, एका गालाची दाढी उरकून दुसऱ्याला साबण लावला, आणि तो मुरेपर्यंत मला बाहेरच्या फुटपाथवर एक चक्कर मारायला लावली.

मी उजवीकडे ओढले. जीव खाऊन ओढले.

"मेलं, पुन्हा तेच!" कुरळी मला उचलून आत घेऊन आली. आरशापुढच्या फळीवर, पावडरच्या डब्याशेजारी मला ठेवलं. नाक अर्थातच स्वतःकडे. "बाबा, सांगा ना, कुठला आवळू?"

"मला. नको विचारू."

"तुम्हालाच विचारणार. दुसरं कोण आहे मला?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्या इतक्या जवळ कितीतरी दिवसांनी आले होते. मग त्यांच्या तोंडून, जणू सवयीनंच, निघालं, "उजवा."

कुरळीचा हात पुढे आला. झटका आल्यापासून पहिल्यांदाच तिची पाठ नाही, हात त्यांच्या डोळ्यांपुढे होता. तो हात माझ्या डाव्या नटाकडे गेला.

"नाही! उजवा!"

"हाच ना उजवा."

"उजवा!" बाबांनी डाव्या हातानं तिचं मनगट धरलं. "आत बस!"

"बाबा, आतच आहोत आपण! सलूनमध्येच आहोत! अजून किती आत..."

बाबांनी तिचं मनगट सोडलं. त्याच डाव्या हातानं, तो काही त्यांचा सवयीचा हात नव्हे, पण मला अलगद धरलं, आणि उलटं वळवलं. माझं नाक आरशाकडे झालं. मग माझ्या टपावर, त्या रंगवलेल्या टोपीवाल्या ड्रायव्हरवर त्यांनी बोट ठेवलं.

"इथे. आत. बस."

कुरळीनं वर बघितलं. आरशात पुढे मी, माझ्यामागे बाबा, बाबांमागे ती. तिघांचीही तोंडं एकाच दिशेला. तिघांचीही उजवी बाजू एकाच हाताला.

तिनं मला परत स्वतःकडे वळवलं. पुन्हा आरशाकडे वळवलं. परत एकदा. मग तिचा धक्का लागून साबणाचा ब्रश खाली पडला आणि साबण सगळीकडे उडाला.

"आई गं," ती म्हणाली. "बाबा, मी गाडीला आरशातल्या तोंडासारखं बघत होते. तुम्ही उजवा म्हणालात की मी डावा आवळत होते. पहिल्या दिवसापासून!"

बाबांनी डोक्याला बोट लावलं. "मी. उलटा. नाही?"

"तुम्ही नाही हो, मी उलटी! तुम्ही दर वेळी बरोबर सांगितलंत. दर वेळी!"

बाबा रडले. एका गालाला साबण, दुसरा गाल ओला, आणि तोंडभर हसू. तेवढ्यात डबा घेऊन आई दारात आली. काय झालं ते ऐकून तिनं कपाळाला हात लावला. "हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात," ती म्हणाली, "आणि आमच्या घरात आरशानंच घोळ घातला!"

मग कुरळीनं लांब शेपटीचा कंगवा घेतला. त्याचं टोक माझ्या नाकाखाली बरोबर मध्यावर धरून मला हळूच उचललं. पीळ नसेल तर पुढची दोन्ही चाकं एकदम उचलली जातात. माझं उजवं मागे राहिलं. तिनं मागचा उजवा नट आवळला, माझा उजवा, आत बसणाऱ्याचा उजवा. पुन्हा उचललं. थोडं राहिलं. पुन्हा आवळला. या वेळी दोन्ही चाकं एकत्र उठली, आणि बाबांनी डाव्या हातानं खुर्चीच्या हातावर थाप मारली.

दाढी अर्धीच राहिली होती. ती पटकन पूर्ण करून ते निघाले, घाईत एका कानापाशी साबण राहिलाच.

मैदानावर गाड्या चालवणाऱ्यांसाठी उंच मचाण आहे, त्याला लोखंडी जिना. बाबांना खाली खुर्ची दिली होती. ते बसले नाहीत. कठड्याला धरून, घासणारा पाय एकेका पायरीवर उचलून ठेवत वर चढले. मागे कुणी हात द्यायला आलं तर "नको" म्हणाले. तो शब्द त्यांना लगेच जमला. कुरळीच्या बरोबर मागे जाऊन उभे राहिले, ती रोज गिऱ्हाइकाच्या मागे उभी राहते तसेच.

झेंडा पडला आणि मी सुटले. लांब पट्ट्यावर सरळ, सुईच्या दोऱ्यासारखी, आणि या वेळी लाज न वाटता. पुढे ते उलटं वळण, जिथून गाडी फिरून मचाणाकडे येते. इथेच कुरळी आजवर चुकत आली होती. मी वळले, तिचं तोंड मला समोर दिसलं, आणि तिचं बोट रिमोटच्या चाकावर अडखळलं.

"आत बस," बाबा मागून हळूच म्हणाले.

"बसले," ती म्हणाली.

आणि खरंच बसली! मला कळलं ना. त्या टोपीवाल्याच्या शेजारी कुणीतरी येऊन बसलं असं वाटलं मला. माझं डावं ते तिचं डावं झालं. फळीपासून बोटभर लांबून मी निघाले. पुढच्या फेरीत अर्ध्या बोटावरून. एका औषधवाल्याची निळी गाडी माझ्या पुढे होती, तिनं त्या वळणावर शेपूट फेकली, मी तिच्या आतून गेले. मग आणखी एकीला गाठलं. पहिलीला नाही गाठू शकले. टायर तापले होते, आणि पहिली ती पहिली, मान्य आहे. मी दुसरी आले.

चष्मेवाले कर्णा हातात घेऊन जिन्यापाशी आले. "बसवाले, धमाल केलीत! पण वचन आठवतंय ना? ही आता माझी."

बाबांनी मला उचलून छातीशी धरलं. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. कुरळी मदतीला शब्द देणार होती, आईनं तिला डोळ्यांनीच दटावलं. सगळे थांबले. मीही थांबले.

"गाडी मिळणार नाही," बाबा म्हणाले, "तिच्या शॉकचं तेल बदलायचंय."

तुटलं नाही, अडखळलं नाही. अख्खं वाक्य. चष्मेवाल्यांनी चष्मा काढला आणि पुसायला लागले. कर्णा त्यांनी आपणहून कुरळीच्या हातात दिला. त्यांच्या बाबतीत हे पहिल्यांदाच घडलं असावं.

आता मी सलूनमध्ये राहते, आरशासमोरच्या फळीवर, पावडरच्या डब्याशेजारी. नाक आरशाकडे. बोलणं शिकवणाऱ्या बाई आता इथेच येतात. बाबांना चित्रं दाखवत नाहीत, माझे भाग दाखवतात, आणि बाबा त्यांनाच शिकवून सोडतात. आई येता-जाता माझ्यावरची केसांची कुसळं फुंकून उडवते आणि "बस गं सवती, बस," म्हणते.

गिऱ्हाइकं विचारतात, हे खेळणं कुणाचं? कुरळी सांगते, खेळणं नाही ते. तुम्हालाही मी तेच सांगते, आणि आणखी एक. तुमच्या घरात कुणी तुटक बोलत असेल, एकच शब्द पुन्हापुन्हा म्हणत असेल, तर त्याचं डोकं फिरलंय असं ठरवून मोकळे होऊ नका. त्याच्या समोर उभं राहून त्याचं डावं-उजवं ठरवू नका. जरा वळा, त्याच्या बाजूनं आत बसा, आणि मग ऐका.

चला, माझं शॉकचं तेल आलंय. बाबा बुडबुडे काढतायत, डाव्या हातानं. वेळ लागतो, पण एकही राहू देत नाहीत.